मागचं चाक काढायच्या आधी

प्रिय मनू,

मोटारसायकलच्या मागच्या चाकाच्या नटाचा तू पाठवलेला फोटो झूम करून नीट बघितला. नटाचे दोन कोपरे थोडे घासलेत पण बाकीचे शाबूत आहेत, म्हणजे अजून काही बिघडलेलं नाही. फक्त तो स्क्रू पाना आता बाजूला ठेव आणि परत त्या नटाला लावू नकोस. त्याचा जबडा कितीही आवळला तरी जरा ढिला राहतोच, जोर दिला की घसरतो आणि नटाचे कोपरे खातो, आणि मागच्या एक्सलचा, म्हणजे चाकाच्या मधून आरपार जाणाऱ्या कण्याचा, नट तर गाडीतल्या सगळ्यात घट्ट नटांपैकी एक असतो. एकदा का तो गोल झाला की मग छिन्नी, कटिंग, सगळं लफडं मागे लागतं.

आधी माप घे. नटाचं माप म्हणजे समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधलं अंतर, आतल्या आट्याची जाडी नव्हे. व्हर्निअर, म्हणजे जबड्यात धरून माप दाखवणारी पट्टी, असेल तर उत्तम, नसेल तर स्टीलची पट्टी चालेल. मागच्या एक्सलला बहुतेक १७, १९, २२ किंवा २४ मिलिमीटरचा नट असतो, मोठ्या गाड्यांना २७ किंवा ३२ सुद्धा. आणि दुसऱ्या बाजूचं एक्सलचं डोकं पण मोज, ते बऱ्याचदा वेगळ्या मापाचं असतं, आणि ते धरून ठेवलं नाहीस तर नट फिरवताना अख्खा एक्सलच गोल गोल फिरत राहील. म्हणजे तुला एक नाही दोन पाने लागणार, डोक्याला रिंग पाना आणि नटाला गोटी, म्हणजे नटावर टोपीसारखा बसणारा सॉकेट. गोटी सहा कोनांची घे, बारा कोनांची नको, कारण सहा कोनांची नटाला सपाट बाजूंवर धरते, त्यामुळे आत्ताच घासलेल्या कोपऱ्यांनाही ती चालून जाईल.

हँडल लांब पाहिजे, यावर मात्र मी हट्ट धरणार. समज नट ८० न्यूटन मीटरला (पिळाचा जोर यात मोजतात) आवळलेला आहे, तर २० सेंटीमीटरच्या पान्यावर तुला जवळपास ४० किलोचा जोर लावावा लागेल, तेच ५० सेंटीमीटरचं हँडल असेल तर १६ किलोत काम होतं. गंजलेला असेल तर त्याहून जास्त, पण हिशोब हाच. तू स्वतःला कमजोर समजत होतीस ना फोनवर, अगं तुझ्यात ताकद कमी नाहीये, पाना आखूड होता. रॅचेटला पाईप घालून मात्र ओढू नकोस, आतले दात तुटतात, त्यासाठी साधं जाड, बिनदात्याचं हँडल घे.

नट पहिल्यांदा सैल करायचा तो चाक जमिनीवर असताना, गाडी गियरमध्ये टाकून. मेन स्टँडवर चढवून जोराचा हिसका दिलास तर गाडी स्टँडवरून उतरून तुझ्या अंगावर येऊ शकते. आणि त्याच्याही आधी कॉटर पिन, म्हणजे नट सुटू नये म्हणून घातलेली दोन पायांची पिन, आहे का बघ, तिचे पाय पक्कडीने सरळ करून ओढून काढ. गंज सोडवायचा स्प्रे मारायचा तर थोडाच मार, वरून फडकं धर, ब्रेकच्या ड्रमच्या आत एक थेंबही जाता कामा नये.

आता तुझ्या फोटोतली चांगली बातमी. चेनच्या बाजूला एकामागे एक दोन नट दिसतायत, बाहेरचा लहान आणि त्याच्या मागे मोठा. मोठ्याला हात लावू नकोस. तो स्प्रॉकेट, म्हणजे चेन बसते ते दातेरी चाक, जागेवर धरून ठेवतो, म्हणजे फक्त लहान नट काढून एक्सल दुसऱ्या बाजूने ओढलास की चाक हब रबरवरून (चाक आणि स्प्रॉकेट यांच्यामधले रबरी तुकडे) सुटतं आणि चेन, स्प्रॉकेट गाडीलाच राहतात. चेन उतरवायची भानगडच नाही. एक्सल अडकला तर नट दोन-तीन आटे परत लावून त्यावर लाकडाचा तुकडा ठेवून ठोक, नुसत्या हातोड्याने आटे बसतात आणि मग नट परत चढत नाही.

पण चाक ओढायच्या आधी ब्रेक रॉडचा नट काढायचा, आणि ब्रेक प्लेटला (ड्रमचं झाकण) स्विंगआर्मशी, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या फ्रेमच्या हाताशी, बांधणारा तो छोटा दांडा असतो ना, टॉर्क आर्म, त्याचा बोल्टही सोडायचा. मनू, हे नीट वाच. परत बसवताना लोक बाकी सगळं आवळतात आणि हा दांडा विसरतात किंवा त्याची पिन लावत नाहीत. ब्रेक दाबला की ड्रम ब्रेक प्लेटला आपल्याबरोबर फिरवायला बघतो आणि तिला रोखणारा हा एवढाच दांडा असतो. तो सुटला तर प्लेट फिरते, ब्रेक रॉड ओढला जातो आणि चाक चालत्या गाडीत जाम होऊ शकतं. म्हणून हा बोल्ट लावून झाला की हाताने हलवून बघ, नवीन पिन घाल, आणि मला फोटो पाठव.

एक्सल निघताना ब्रेकच्या बाजूचा स्पेसर, म्हणजे एक्सलवर अंतर राखणारी छोटी नळी, खाली पडेल, तो कुठल्या तोंडाने होता याचा आधीच फोटो काढून ठेव. चाक हातात आलंच आहे तर बेअरिंगमध्ये बोट घालून फिरव, खरखर लागली तर बदलायचं. हब रबर चेपलेत का बघ, स्प्रॉकेटचे दात एका बाजूला वाकून आकड्यासारखे झालेत का बघ. ड्रममधली धूळ फुंकू नकोस, ओल्या फडक्याने पुसून घे, ती छातीत जायला नको. एक्सलला पुसून ग्रीसचा अगदी पातळ हात दे.

लावताना दोन्हीकडच्या चेन ताणायच्या ॲडजस्टरच्या खुणा सारख्या ठेव, नाहीतर चाक तिरकं चालतं. शेवटचा नट आवळताना ब्रेकचं पेडल दाबून धर, त्याने ब्रेकचे लायनर ड्रममध्ये मधोमध बसतात. किती आवळायचा तो आकडा गाडीच्या पुस्तकात आहे, टॉर्क रेंच, म्हणजे किती आवळलं ते दाखवणारा पाना, कोणाकडून तरी मागून आण, अंदाजाने करू नकोस. मग चेन खालच्या बाजूला मधोमध वरखाली हलवून बघ, बऱ्याच गाड्यांना २० ते ३० मिलिमीटर ढील लागते, पण पुस्तकातलं धर, आणि चाक फिरवून तीन-चार जागी बघ कारण चेन सगळीकडे सारखी नसते. चाक हातानेच फिरव, इंजिन चालू करून अजिबात नाही, चेन आणि स्प्रॉकेटमध्ये बोट गेलं तर जातं.

मैत्रिणीच्या डिस्क ब्रेकवाल्या गाडीवर प्रयोग करशीलच, तेव्हा चाक बाहेर असताना ब्रेक पेडल दाबू नका, डिस्कला दोन्हीकडून दाबणारे पॅड एकमेकांना चिकटतात आणि डिस्क परत आत जात नाही, मध्ये पुठ्ठ्याची घडी घालून ठेवा. लावल्यावर पेडल कडक होईपर्यंत दाबत राहायचं, मगच गाडी हलवायची.

दोन्ही मापं आधी मला कळव, मग गोटी घ्यायला जा.

तुझी,
आई


ता. क. थोडं फिरून आलीस की नट परत एकदा तपास.