अझोला गोठ्यापुरताच का?

महोदय,

खतांच्या किमतींची चर्चा दर खरिपात होते. पण भाताच्या खाचरात हवेतले नत्र आणून देणाऱ्या अझोला या पाण्यावर तरंगणाऱ्या नेच्याचा उल्लेख त्यात क्वचितच येतो. नखाएवढ्या या वनस्पतीच्या पानांतील पोकळीत ॲनाबीना हे नीलहरित शेवाळ राहते व हवेतले नत्र स्थिर करते, म्हणजे पिकाला घेता येईल अशा रूपात आणते. अझोला खाचरात वाढवून चिखलात गाडला की तो कुजताना हे नत्र पिकाला मिळते. चीन आणि व्हिएतनाममधील शेतकऱ्यांनी ही पद्धत शतकानुशतके वापरली आहे.

आपल्याकडे तो पोहोचला मुख्यतः गोठ्यात, जनावरांचे खाद्य म्हणून. सुक्या अझोल्यात वीस टक्क्यांहून अधिक प्रथिने असतात, हे खरे. परंतु ताज्या अझोल्यात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असल्याने पाटीभर घालूनही पेंड बंद करता येत नाही, आणि हे आधी न कळलेल्यांचे अझोला वाढवण्याचे खड्डे लवकरच ओस पडतात.

खाचरासाठी खरी अडचण बियाण्याची, म्हणजे लावणीच्या वेळी सोडायला जिवंत अझोला मिळण्याची आहे. कडक उन्हात अझोला मरगळतो, स्फुरद (फॉस्फरस) कमी पडल्यास लालसर होऊन वाढ खुंटते. कृषी विभागाने कोकणातील रोपवाटिकांत तो उन्हाळाभर सावलीत जपून लावणीच्या सुमारास शेतकऱ्यांना द्यावा, ही विनंती.

— एक भात उत्पादक, कुडाळ