कोठीच्या खोलीबद्दल, तुम्ही येण्याआधी

बडोदा, रविवार

ती. आई व ती. बाबा यांना,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हे मुद्दामच काढलं नाही. आई, तू "राहू दे गं, मी आले की बघते" म्हणून विषय मिटवला असतास, आणि बाबा मागून "काय झालं, काय झालं" करत राहिले असते. कोठीची खोली मी आवरली. नुसती झाडली-पुसली नाही. माळ्यावरचं सगळं खाली आलं आणि खालचं बरंचसं घराबाहेर गेलं. आधी पुरतं वाचा, मग रागवा.

बाबा, पुराची धास्ती मला कळते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री घरात शिरली, त्यानंतर भिजक्या गव्हाचा तो आंबूस वास किती दिवस भिंतींतून गेला नव्हता. तेव्हापासून तुम्ही दाणा न् दाणा माळ्यावर चढवलात. चूक नव्हतं ते. पण स्टुलावर तुम्ही, हातात सिंगतेलाचा १५ किलोचा डबा, आणि खाली स्टूल धरायला आई. आईला कोण धरणार होतं? आता तर तुमचा मोतीबिंदू काढलाय. काही आठवडे जड उचलायचं नाही, खाली वाकायचं नाही, हे डॉक्टरांनी दादासमोरच सांगितलंय. आणि नंतरही स्टुलावर चढायचं नाही, हे मी सांगतेय.

तर आता रोजचं सगळं कमरेपासून खांद्यापर्यंतच्या तीन फळ्यांवर आहे. सगळ्यात खालच्या फळीवर खायचं काहीच नाही. पाट, पुरणयंत्र, मोठी पातेली, म्हणजे पाणी आलंच तरी धुऊन घेता येईल असं. आणि आता सामानच इतकं थोडं आहे की दोन पिशव्यांत भरून वरच्या काकूंकडे नेता येईल.

थोडं का, तेही सांगते. आई, यंदा वर्षाचे गहू भरायचे नाहीत. मी हातीखान्यातल्या आपल्या दुकानात सांगूनही आले. रागावू नकोस. आपण आठ माणसं होतो तेव्हा दहा मणही पुरत नसत. गच्चीत चादरी अंथरून तू गव्हाला दिवेल (एरंडेल) चोळायचीस, कोपरापर्यंत हात चकचकीत व्हायचे, आणि त्याच हातांनी आमचे केस सारखे करायचीस. आता दोघांना महिन्याला पाच-सहा किलो खूप झाले, त्यात रात्री तुम्ही खिचडीवरच असता. दर महिन्याला मी लोकवन निवडून, दळून आणून देईन. गिरणीत मी स्वतः उभी राहीन, आधी कुणाची ज्वारी दळलीय ते विचारीन, झालं? तेलाचाही पाच लिटरचाच कॅन आणलाय. मोठा डबा फोडला की संपेपर्यंत खवट होतो, आणि तू तो टाकायच्या ऐवजी तळणाला वापरतेस हे मला माहीत आहे.

रव्याला जाळी धरली होती, दाण्याचं कूट खवट झालं होतं, मेथकुटाचे तीन डबे निघाले. तुझं लक्ष नाही असं मी मुळीच म्हणत नाहीये. त्या खोलीत उजेडच नव्हता, माझ्या डोळ्यांनासुद्धा दिसेना. आता दाराशी ट्यूबलाइट लावलीय, बटण बाहेरच्या बाजूला आहे. नवा रवा भाजून भरलाय. कूट फ्रीजमध्ये छोट्या बरणीत, आठवड्यापुरतंच. तांदळाला बोरिक पावडर लावायची नाही. कितीही धुतलं तरी ते किडे मारायचं विषच, पोटात कशाला घालायचं? कडुनिंबाचा वाळलेला पाला घातलाय, आणि तांदूळ दोन महिन्यांपुरतेच आहेत, पोरकिड्यांना सवडच मिळणार नाही. डाळींना ऊन दाखवलं, पूर्ण गार झाल्यावरच भरल्या.

मसाले गॅसच्या भिंतीवरून हलवले, तिथल्या उष्णतेने त्यांचा वास उडत होता. तिखटात हिंगाचे खडे घातलेत. मीठ-चिंच होती तशीच चिनी मातीच्या बरण्यांत. मोठ्या आत्याच्या बरणीला हात लावलेला नाही. पितळी मापटं तांदळातच आहे.

पेढेघाटी डबे मात्र कामवाल्या मावशींना दिले. त्यांची झाकणं चमच्याच्या दांड्याने उचकटताना तुझा अंगठा दोनदा सोलला होता, आठव. आता फिरकीच्या झाकणांच्या पारदर्शक बरण्या आहेत. पाठकोऱ्या कागदांवर बाबांनी लिहिलेल्या चिठ्ठ्या मी जपून ठेवल्यात. बाबा, तशाच पुन्हा लिहा, पण अक्षर मोठं काढा आणि भरल्याची तारीख घाला. नवं मागे, जुनं पुढे.

गव्हाची कोठी विकली नाही. ती माझ्याकडे जिन्याखाली ठेवलीय. तिच्यामागे बसून मी गूळ खायचे, आणि तू बाहेरून "मुंगळा शिरलाय वाटतं" म्हणायचीस. ती भंगारात कशी देईन? रिकामी असली म्हणून काय झालं.

चहा, साखर, तुमचा लीलो चिवडा, सकाळच्या गोळ्या, सगळं मधल्या फळीवर डाव्या हाताला, रात्री दिवा न लावता सापडेल असं. लोणच्याची मोठी बरणी माझ्याकडे आहे. का ते बाबांना माहीत आहे. लहान बरणी तिथे आहे, ती महिनाभर पुरवायची. दोन दिवस वापरून बघा, नाही पटलं तर फळ्यांवरची जागा बदलू. माळ्यावर मात्र काही जाणार नाही.

स्टेशनवर हे गाडी घेऊन येतील. सामान उचलू नका, हमाल करा, पैशांवरून घासाघीस नको. घरात दूध, दही, कोथिंबीर असेल, कुकर मी लावून ठेवते. डोळ्यांत औषध घालायची वेळ प्रवासात चुकवू नका.

तुमची,
बेबी

ता. क. वहिनी भाजणी बांधून देईल. एक किलोच घ्या. ती पाच देईल.