परसबाग गट, लातूर: भाजी वेळेवर तोडा

सर्व ताई-दादांना नमस्कार. रविवारी वाफ्यांवर चक्कर मारली, तर निम्म्या भेंड्या निबर झालेल्या! फूल उमलल्यापासून पाच-सहा दिवसांत भेंडी तोडणीला येते. शेंडा मोडून बघा. कटकन मोडला तर कोवळी, नुसता वाकला तर गेली. एक दिवसाआड तोडाच. निबर शेंगा तशाच राहिल्या की झाड बी भरण्याच्या मागे लागतं, नवी फुलं कमी येतात. बियाण्याला ठेवायच्या असतील तर त्या झाडाला सुतळी बांधा, म्हणजे दुसरं कुणी हात लावणार नाही.

वांगं चकाकतंय तोवर घ्या, साल मंद पडली की आत बिया टणक. दोडक्या-दुधीला नख सहज रुतलं पाहिजे. पण सगळ्यांनी एकाच फळावर प्रयोग नको, परवा एका दुधीवर मी सात नखं मोजली.

टोमॅटो झाडावरच लालबुंद व्हायची वाट आपल्या उन्हाळ्यात बघू नका. पारा पस्तिशीच्या वर राहिला की लाली नीट भरत नाही, फळ पिवळट-नारिंगी राहतं. गुलाबी छटा आली की तोडून घरात सावलीला ठेवा.

तोडणी सकाळी आठच्या आत, कात्रीनं. कात्री धुऊन खिळ्याला परत अडकवा.