मंत्रीसाहेब, पुढच्या साथीत लहानांची शाळा सगळ्यात शेवटी बंद करा

माननीय शिक्षणमंत्री साहेब,

स.न.वि.वि.

मी पहिलीच्या वर्गाला शिकवते. बरीच वर्षं पहिलीच घेतेय, मोठे वर्ग देतो म्हटलं तरी नको म्हणते. कोविडच्या साथीच्या काळात हाच पहिलीचा वर्ग मी मोबाइलच्या पडद्यावर घेतला आणि त्याबद्दलच आपल्याला लिहायचंय. आता कशाला जुनं उकरून काढताय असं कोणी म्हणेल, पण साथ अंगावर आलेली असते तेव्हा विचार करायला कोणालाच वेळ नसतो, रात्री परिपत्रक निघतं आणि सकाळपासून अंमल सुरू. म्हणून आत्ता, सगळं शांत असताना लिहितेय.

मागणी एकच आहे, ती आधीच सांगून टाकते. पुढची साथ येईल तेव्हा सगळ्या इयत्तांना एकच नियम लावू नका. लहानांची शाळा सगळ्यात शेवटी बंद करा आणि सगळ्यात आधी उघडा. याला अपवाद आहे, आजारच लहान मुलांना धरणारा असेल तर, पण ते पुढे लिहिते.

आधी एका मुलाचं सांगते. ऑनलाइन वर्गात तो रोज हजर असायचा. पालक रोज संध्याकाळी वहीच्या पानाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचे, अक्षर स्वच्छ, ओळी सरळ, मी रोज त्याला शाबासकी द्यायचे. शाळा उघडली आणि तो माझ्यासमोर बसून पहिल्यांदा लिहायला लागला तेव्हा मला कळलं की हा आधी शिरोरेघ ओढतो, मग तिला खाली एकेक अक्षर लटकवतो, आणि तेही उजवीकडून डावीकडे. 'कमल' लिहायचं तर आधी ल, मग म, मग क. फोटोत ते सगळं बरोबरच दिसत होतं! तीन ओळी लिहायला त्याला अख्खा तास लागायचा आणि मग हात दुखतो म्हणून रडायचा. वर्गात असता तर पहिल्या आठवड्यातच मी मागे उभी राहून त्याचा हात धरला असता, दोन दिवसांचं काम होतं ते. दीड वर्षाची सवय मोडायला मला पुढचे चार महिने लागले.

साहेब, पहिली-दुसरीचं शिकवणं असं असतं. आम्ही पान बघत नाही, हात बघतो. पेन्सिल कुठल्या बोटांत आहे, वाचताना ओठ हलतायत का, मूल खरंच अक्षर वाचतंय की चित्र बघून अंदाजाने सांगतंय, हे सगळं बाजूला उभं राहून दिसतं. पडद्यावर मला चौकोनात कपाळ दिसायचं, कधी छताचा पंखा, कधी नुसता काळा चौकोन आणि खाली नाव. मी विचारायचे, सात आणि पाच किती, आणि मूल बाजूला बघायचं, कारण तिकडून दबक्या आवाजात कोणीतरी "बारा" म्हणत असायचं. त्या पालकांना मी दोष देत नाही, त्यांना वाटायचं आपलं मूल मागे पडू नये.

मोठ्या मुलांचं वेगळं आहे हो. नववी-दहावीच्या पुढच्या मुलाला वाचता येतं, नोट्स काढता येतात, व्हिडिओ थांबवून परत बघता येतो, शंका टाइप करून विचारता येते. त्यांनाही त्रास झालाच, एकटेपणा आला, नववी-दहावीचं वय तर मित्रांशिवाय जगायचं वयच नाही, पण शिकणं अगदी थांबलं नाही. सहा वर्षांच्या मुलाला मात्र शाळेशिवाय शिकायचं साधनच नसतं, कारण ते साधन म्हणजे वाचणं, आणि तेच तर त्याला अजून यायचंय.

आणि झालं काय? बऱ्याच देशांत नेमकं उलटं झालं. परीक्षेचं वर्ष आहे म्हणून मोठ्यांना आधी बोलावलं आणि लहानांना सगळ्यात शेवटी. युगांडाचं उदाहरण घ्या, तिथे मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, मधे परीक्षेच्या वर्गांना आधी आत घेतलं, आणि सगळ्यांसाठी शाळा उघडल्या त्या जानेवारी २०२२ मध्ये. जे मूल २०२० मध्ये पहिलीत पाऊल ठेवणार होतं त्याची जवळपास दोन वर्षं गेली. डेन्मार्कने याच्या बरोबर विरुद्ध केलं. १५ एप्रिल २०२० ला, म्हणजे जग अजून घाबरलेलं असताना, त्यांनी पाळणाघरं आणि पाचवीपर्यंतचे वर्ग आधी उघडले, छोटे छोटे गट केले, जमेल तेवढं अंगणात शिकवलं, आणि मोठ्यांना म्हणाले, तुम्ही थांबा. मला तो निर्णय फार शहाणपणाचा वाटतो. कोणाला थांबता येतं आणि कोणाला येत नाही हा प्रश्न त्यांनी विचारला, आपण सगळ्यांनी विचारला तो परीक्षा कोणाची आहे हा.

तुम्ही म्हणाल की इंटरनेट नव्हतं, फोन नव्हते, म्हणून ऑनलाइन फसलं, पुढच्या वेळी टॅबलेट वाटू म्हणजे झालं. साधनं कमी होती हे खरंच आहे, युनिसेफ आणि आयटीयू या संयुक्त राष्ट्रांच्या दूरसंचार संस्थेने डिसेंबर २०२० मध्ये सांगितलं होतं की जगातल्या ३ ते १७ वयाच्या तब्बल १३० कोटी मुलांकडे, म्हणजे तीनातल्या दोघांकडे घरी इंटरनेटच नाही. पण नेदरलँड्समध्ये तर होतं ना! तिथे घरोघरी चांगलं इंटरनेट, शाळा फक्त आठ आठवडे बंद, सगळं कसं जमून आलेलं. तरीही तिथल्या प्राथमिकच्या मुलांच्या परीक्षा तपासल्या तेव्हा साधारण वर्षाच्या पाचव्या हिश्श्याएवढं शिकणं कमी भरलं, म्हणजे शाळा जेवढी बंद जवळपास तेवढंच नुकसान, घरी बसून पुढे असं काही सरकलंच नाही. आणि ज्या घरांत आईवडील कमी शिकलेले होते तिथे हे नुकसान ६० टक्क्यांपर्यंत जास्त. तेव्हा टॅबलेट जरूर द्या, पण टॅबलेट दिला म्हणजे पहिलीची शाळा दिली असं समजू नका.

रेडिओचंही असंच झालं होतं. १९३७ च्या सप्टेंबरमध्ये शिकागोत पोलिओची साथ आली, शाळा सुरू व्हायची तारीख पुढे ढकलली, आणि तिथल्या शिक्षकांनी रेडिओवर पंधरा-पंधरा मिनिटांचे धडे सुरू केले, वर्तमानपत्रांत वेळापत्रक छापून यायचं, पालकांना फोनवर शंका विचारायची सोय होती. किती झटपट केलं त्यांनी, मला फार कौतुक वाटतं. पण ते धडे होते तिसरीपासून पुढच्या मुलांसाठी! ज्याला अजून वाचता येत नाही त्याला नुसत्या आवाजावर शिकवता येत नाही हे तेव्हाच्या लोकांनाही कळत होतं. आणि तेव्हाही तक्रार तीच, काही घरांत रेडिओ नाही, काहींना नीट ऐकू येत नाही.

वर अपवाद म्हटला तो हाच. पोलिओ लहान मुलांना धरायचा, तेव्हा शाळा बंद करणं बरोबरच होतं, आणि उद्या एखादा फ्लू असा आला की जो मुलांनाच जास्त आजारी पाडतोय तर मी स्वतः म्हणेन की पहिलीचा वर्ग आधी बंद करा. कोविड तसा नव्हता. स्वीडनने पहिल्या लाटेत सोळा वर्षांखालच्या मुलांच्या शाळा चालूच ठेवल्या, १ ते १६ वयाची साडेएकोणीस लाख मुलं होती, मार्च ते जून २०२० मध्ये त्यातल्या १५ मुलांना अतिदक्षता विभागात ठेवावं लागलं आणि कोविडने एकही दगावलं नाही. म्हणजे आजार कोणाला धरतो हे आधी बघायचं आणि ते समजेपर्यंत दोन-तीन आठवडे सगळं बंद ठेवायचं, याला कोणाची ना नाही. पण समजल्यावर? समजल्यावरही कित्येक ठिकाणी महिनोन् महिने हॉटेलं, मॉल, दुकानं उघडी आणि शाळेला कुलूप, हे आम्ही डोळ्यांनी बघितलंय.

आता शिक्षकांचं. याबद्दल मला खोटं बोलायचं नाहीये. त्याच स्वीडनमध्ये नंतर असंही दिसलं की उघड्या शाळांत शिकवणाऱ्या माध्यमिकच्या शिक्षकांना, घरून ऑनलाइन शिकवणाऱ्या शिक्षकांपेक्षा साधारण दुप्पट प्रमाणात लागण झाली. माझ्या घरी तेव्हा म्हाताऱ्या सासूबाई होत्या, त्यांना दम्याचा त्रास, मी रोज रात्री विचार करायचे की उद्या शाळा उघडली आणि मीच घरी काही घेऊन आले तर. म्हणून जे लोक म्हणतात की शिक्षकांना आयता पगार हवा होता, त्यांचं बोलणं मनाला फार लागतं. आम्ही घाबरलो होतो, आळशी नव्हतो. तेव्हा लहानांची शाळा चालू ठेवायची तर त्यांच्या शिक्षकांना लस, चांगले मास्क, आजारपणाची भरपगारी रजा हे पहिल्या रांगेत मिळायला हवं, डॉक्टर-नर्सच्या लगेच मागे. आणि ज्यांच्या घरी जोखीम आहे त्या शिक्षकांनी मोठ्या वर्गांना घरून शिकवावं, त्यांच्या जागी दुसरे वर्गात उभे राहतील. कितीतरी शिक्षक आनंदाने तयार होतील, विचारून तर बघा.

तसंच ज्या मुलाला स्वतःलाच गंभीर आजार आहे त्याला ऑनलाइनची सोय हवीच. माझ्या मैत्रिणीच्या वर्गातला एक मुलगा, वारंवार दवाखान्यात असणारा, म्हणाला होता की बाई, पहिल्यांदाच माझी हजेरी सगळ्यांएवढी झाली. आणि वर्गात चिडवल्यामुळे गप्प झालेली काही मुलं चॅटमध्ये भरभरून लिहायला लागली होती. हे मी विसरलेले नाही. पण कृपा करून एकाच शिक्षकाला एकाच वेळी निम्मा वर्ग समोर आणि निम्मा पडद्यावर असं करायला लावू नका! ते मी सहा आठवडे केलंय. समोरची मुलं म्हणतात बाई आमच्याकडे बघा, फोनमधली म्हणतात आवाज येत नाही, आणि दोघांनाही त्या दिवशी काही येत नाही.

अजून एक. शाळा म्हणजे फक्त धडे नाहीत. एप्रिल २०२० मध्ये जागतिक अन्न कार्यक्रमाचा अंदाज होता की ३७ कोटी मुलांचं शाळेतलं जेवण बंद झालंय. मुलाच्या अंगावरचा वळ सगळ्यात आधी दिसतो तो वर्गशिक्षिकेला, पडद्यावर तो दिसत नाही. पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनमध्ये इबोलाच्या साथीच्या वेळी शाळा साधारण नऊ महिने बंद होत्या, त्या काळात किती मुलींना दिवस गेले, आणि शाळा उघडल्यावर गरोदर मुलींना आत यायलाच बंदी केली, ती उठली मार्च २०२० मध्ये, कोविड दारात असताना. याबद्दल जास्त लिहायला बसले तर पत्र संपणार नाही.

शाळा उघडल्यावरचं मात्र लिहायलाच हवं. २००५ मध्ये पाकिस्तानात मोठा भूकंप झाला, त्या भागातली मुलं साधारण १४ आठवडे शाळेबाहेर होती. चार वर्षांनी त्यांना तपासलं तर ती दीड ते दोन वर्षं मागे होती. चौदा आठवड्यांचं दीड वर्ष कसं झालं? मला आश्चर्य वाटत नाही, कारण आमच्याकडूनही हेच करून घेतलं. शाळा उघडली आणि हुकूम आला की दुसरीचं पुस्तक काढा, वेळेत संपवा. समोर बसलेल्यांना अजून पहिलीची अक्षरं येत नाहीत आणि मी धडा पाचवा वाचतेय. मूल त्या दिवशी मागे राहतं, दुसऱ्या दिवशी आणखी मागे. आपल्या हातात असेल तर त्या वर्षी पुस्तक संपवायची सक्ती काढून टाका, मुलं जिथे आहेत तिथून शिकवायची लेखी परवानगी द्या. लेखी म्हणतेय, कारण तोंडी परवानगी तपासणीला आलेल्या साहेबांना चालत नाही.

आणि हवा. कोविडमध्ये सुरुवातीचे कितीतरी महिने आम्ही बाकं पुसली, सॅनिटायझरच्या बाटल्या संपवल्या, आणि खिडक्यांकडे कोणी बघितलं नाही, आणि आजार तर हवेतून पसरत होता. शंभर वर्षांपूर्वी क्षयाच्या भीतीने लोकांनी मोकळ्या हवेतल्या शाळा काढल्या होत्या, १९०४ मध्ये बर्लिनजवळ शार्लोटेनबुर्गला झाडांखाली वर्ग भरायचे. वर्गातली हवा किती कोंडलीय हे श्वासातून बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडवरून कळतं. बाहेरच्या हवेत तो साधारण ४२० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग असतो, बंद वर्गात मुलं बसली की तो तासाभरात हजाराच्या वर जातो, एक छोटं मीटर भिंतीला लावलं तर आकडा मुलांनाही वाचता येतो, आणि आकडा वाढला की ती स्वतः उठून खिडकी उघडतील. मुलांना असली कामं फार आवडतात.

माझ्या वर्गाच्या मागच्या भिंतीला दोन खिडक्या आहेत. दोन्ही रंगाने चिकटून बसल्यात, उघडत नाहीत. साथीच्या आधी एकदा, साथीत एकदा आणि गेल्या वर्षी एकदा असं तीनदा लिहून दिलंय. पुढच्या साथीचा आदेश कधी लिहायला घ्याल तेव्हा त्याचा मसुदा आम्हा प्राथमिकच्या शिक्षकांना आधी वाचायला द्या, सुट्टीत दिलात तरी आम्ही वाचू. तोवर त्या दोन खिडक्या तरी उघडून द्या.

आपली नम्र,
पहिलीच्या वर्गाची एक शिक्षिका