चिमणरावांनंतरचे प्रभावळकर

कोथरूड, पुणे

तीर्थरूप आई आणि बाबा यांना शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात की मराठी मालिका 'चिमणराव गुंड्याभाऊ'पासून सुरू झाली आणि तिथेच संपली. मागून आई 'आभाळमाया'चे नाव घेत होती, पण तुम्ही तिला बोलू दिले नाही आणि तेवढ्यात फोनही तुटला. हा विषय माझ्या फार जिव्हाळ्याचा असल्यामुळे माझे म्हणणे नीट लिहूनच कळवावे असे ठरवले.

'चिमणराव'चा मान मला पूर्ण मान्य आहे. सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून पुण्याला मुंबई केंद्राचे कार्यक्रम दिसत, चित्र कृष्णधवल असे, आणि वाड्यातल्या ज्या एका घरी टीव्ही होता तिथे सगळे बिऱ्हाडकरू सतरंजीवर दाटीवाटीने बसत, हे सारे तुमच्या तोंडून ऐकतच मी मोठी झाले. चिं. वि. जोशींचा चिमणराव दिलीप प्रभावळकरांनी आणि गुंड्याभाऊ बाळ कर्व्यांनी असा उभा केला की आजही पुस्तक वाचताना तेच दोन चेहरे डोळ्यांसमोर येतात. पण बाबा, त्याच प्रभावळकरांनी पुढच्या पंचवीस वर्षांत काय काय केले, हे तुमच्या हिशेबात धरलेलेच नाही, आणि माझे सगळे म्हणणे तिथेच आहे.

'चौकट राजा'तला नंदू 1991 सालचा. तो चित्रपट संपल्यावर आई बराच वेळ कोणाशी बोलली नव्हती. त्यानंतर दोनच वर्षांनी 'झपाटलेला'तला तात्या विंचू आला आणि दादा रात्री एकटा मोरीत जायला घाबरू लागला. ही दोन्ही कामे एकाच माणसाची आहेत, हे त्याला कितीतरी दिवस पटत नव्हते. 2001 साली तोच माणूस 'श्रीयुत गंगाधर टिपरे'मधला आबा झाला. तेव्हा ते सत्तावन्न वर्षांचे होते आणि आबा त्यांच्याहून बरेच थकलेले. तरी चालणे, चष्म्याच्या वरून पाहणे, बोलण्यापूर्वी घेतलेला श्वास, यांत कुठेही म्हातारपणाची नक्कल वाटत नाही. चिमणराव स्वतः घोटाळ्यात सापडतो आणि आपण त्याला हसतो. आबा घरातल्या इतरांचे घोटाळे पाहतात, मध्येच स्वतःही त्यांत ओढले जातात, आणि रात्री डायरीत त्याची नोंद करतात. माझ्या मते हे दुसरे काम अधिक अवघड आहे, कारण त्यात नटाला बराच वेळ नुसते ऐकत बसावे लागते.

ही मालिका प्रभावळकरांच्याच 'अनुदिनी' या पुस्तकावरून केदार शिंदे यांनी केली. आबा, मुलगा शेखर, सून श्यामला, नातवंडे शलाका आणि शिऱ्या, एवढाच संसार. त्यात कोणी कोणाच्या दुधात विष कालवत नाही, कोणाची स्मृती जात नाही, कोणी मेलेला परत येत नाही. आठवड्याला एकच भाग असल्यामुळे लिहिणाऱ्याला एक विषय धरून तो त्याच भागात पुरा करण्याची सवड मिळे. रोजच्या मालिकेला ती कधीच मिळत नाही. तिथे प्रत्येक संध्याकाळ कोणाच्या तरी वटारलेल्या डोळ्यांवर संपवावी लागते, आणि मग खलनायिकेवाचून चालत नाही. हल्लीच्या मालिकांतल्या कलाकारांत गुण कमी आहेत असे मी मुळीच म्हणत नाही. त्यांना श्वास घ्यायला वेळ मिळत नाही, एवढेच माझे दुःख आहे.

टिपऱ्यांवर माझा एवढा जीव असण्याचे आणखी एक कारण आपल्या घरातले आहे. आजोबांची बँकेकडून मिळालेली तपकिरी रेक्झिनची डायरी तुम्हाला आठवत असेल: पानाच्या एका कडेला दुधाचा हिशेब, खाली 'पानशेत भरले' किंवा 'गॅस आला' अशी एखादी ओळ, आणि शाई संपत आली की फिकट होत गेलेली अक्षरे. आबा टेबलाशी डायरी उघडून बसले की आजोबा आपल्या खुर्चीत जरा पुढे सरकून पाहत. मालिकेबद्दल ते चकार शब्द बोलले नाहीत, परंतु टिपरे सुरू असताना त्यांनी कधी बातम्या लावायला सांगितले नाही, आणि त्यांच्या बाबतीत ही मोठीच पसंती होती.

आई, आता तुझ्या 'आभाळमाया'विषयी. तुझा कौल मला अर्धा मान्य आहे. विनय आपटे यांच्या दिग्दर्शनातले सुरुवातीचे भाग आणि सुकन्या कुलकर्णींचे काम उत्तम होते, पण पुढे कथा फारच लांबली. शीर्षकगीत मात्र निर्विवाद तुझे. देवकी पंडितांचा तो आवाज लागला की तू हातातली कणीक तशीच ठेवून बाहेर येत असस. त्याची चाल अशोक पत्कींची, आणि 'गोट्या'च्या शीर्षकगीताची चालही त्यांचीच. म्हणजे ज्या गाण्यासाठी मी धावत यायची आणि ज्यासाठी तू यायचीस, ती दोन्ही एकाच संगीतकाराची.

परीक्षा आली की तू टीव्हीच्या शटरला कुलूप घालून किल्ली शिकेकाईच्या डब्यात ठेवायचीस, आणि रविवारी सकाळी 'जंगल बुक'पुरते ते उघडायचीस. शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज होता. तो नुसता ऐकूनही मला धडकी भरत असे. हिंदीत त्या काळी फार चांगली कामे झाली. 'महाभारत'बद्दल आपले तिघांचे एकमत असल्यामुळे त्यावर इथे लिहीत नाही.

बाबा, दिवाळीत वाईला येईन तेव्हा टिपऱ्यांचे भाग सोबत आणीन. निदान चार-पाच भाग तुम्ही सलग, मध्ये उठून न जाता पाहावेत एवढीच विनंती आहे. त्यानंतरही मत तेच राहिले तर माझी हरकत नाही, मात्र त्याची कारणे मला सविस्तर हवीत. डोळ्यांचे थेंब वेळेवर घालत जा. आईच्या गुडघ्यासाठी वैद्यांनी दिलेले तेल या आठवड्यात कुरिअरने पाठवत आहे.

तुमची,
लेक