हेडफोन ॲम्प्लिफायर परत घ्या आणि माझे पैसे द्या

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: तुमच्या खिशात मावणाऱ्या हेडफोन ॲम्प्लिफायरबद्दल लेखी तक्रार

आज सकाळी तुमच्या माणसाने मी बोलत असतानाच फोन ठेवला. हा पाचवा फोन होता, सहावा मी करणार नाही. आपण काय विकतो हे ज्यांना ठाऊक आहे अशा कुणीतरी हे पत्र वाचावं एवढीच अपेक्षा आहे. ॲम्प्लिफायर म्हणजे प्लेयर आणि हेडफोनच्या मधे बसून आवाजाची ताकद वाढवणारं यंत्र, हे मी तुम्हाला समजावत बसत नाही, तो तुम्हीच बनवता.

१४ जूनला मी हे यंत्र ८,४९० रुपयांना घेतलं. घेण्याआधी तुमच्याच नंबरवर फोन करून विचारलं होतं. माझ्याकडे जुना आयपॉड क्लासिक आहे आणि इयरफोन तुमच्याच कंपनीचे, प्रत्येक कानात तीन ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारे छोटे भाग, असलेले. सहा वर्षं वापरतेय. या जोडीला ॲम्प्लिफायर लावून खरंच फरक पडेल का, एवढाच माझा प्रश्न होता. उत्तर मिळालं, "शंभर टक्के पडेल मॅडम, कुठल्याही प्लेयरचा आवाज सुधारतो." खोक्यावरही तेच छापलंय.

मी गाणं शिकवते. म्हार्दोळला, घरीच, एकतीस वर्षं. तानपुरा नीट लागला की खर्जाच्या तारेतून स्वयंभू गंधार, म्हणजे न छेडता आपोआप उमटणारा ग, ऐकू येतो. मुलांना तो ऐकायला शिकवण्यातच माझं आयुष्य गेलं. ध्वनिमुद्रणात तो गंधार थोडा जास्त स्पष्ट ऐकू येईल, या आशेने मी हे पैसे घातले. हौस म्हणून नाही.

पहिल्या दिवशी मलाही वाटलं, आवाज खुलला. तो खुलला नव्हता, मोठा झाला होता. मोठा आवाज कानाला चांगला वाटतो, आणि तुमची सगळी विक्री त्यावरच चालते असं आता माझं स्पष्ट मत आहे. रात्री, रस्त्यावरच्या गाड्या थांबल्यावर, मी नेहमीसारखा अगदी हळू आवाज ठेवून ऐकायला बसले आणि दोन गोष्टी कळल्या. एक, मागे सतत सूं असा आवाज आहे, स्टीलच्या ताटावर कुणी बारीक रवा ओततच राहावा तसा. दोन, गाणं डावीकडे सरकलंय. मी ऐकत होते केसरबाई केरकर. त्यांची जुनी ध्वनिमुद्रणं मोनो आहेत, म्हणजे दोन्ही कानांत अगदी तेच जायला हवं आणि आवाज कपाळाच्या मधोमध उभा राहायला हवा. तुमच्या यंत्रातून बाई माझ्या डाव्या कानाशी येऊन गातात. आवाज वाढवत नेला की हळूहळू मधे येतात, पण तोवर कान दुखायला लागतो. चार्जिंगला लावून ऐकलं तर गुणगुणही येते, ती मी आज मोजतसुद्धा नाही.

आता आजचा फोन. तो मी जसाच्या तसा लिहिते, कारण तुमच्याकडे संभाषण मुद्रित होतं म्हणतात, तेव्हा पडताळून बघा.

मी सूं आवाजाबद्दल सांगितलं. त्याने विचारलं, "मॅडम, ऐकता काय तुम्ही?" म्हटलं, केसरबाई केरकर. "कोण?" मी परत नाव सांगितलं. तो म्हणाला, "जुनं गाणं आहे ना, मग जुन्या गाण्यात आवाज असतोच." आमच्या फोंडा तालुक्यातल्या केरीच्या या बाई. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी अंतराळात गेली, तिच्यात त्यांचं गाणं आहे. ते त्याला माहीत नसेल तर माझी तक्रार नाही. पण ७८ फेऱ्यांच्या तबकडीची खरखर कशी असते ते मला माहीत आहे. ती गाण्याबरोबर सुरू होते आणि गाण्याबरोबर संपते. तुमची सूं संपत नाही. मी त्याला सांगितलं, प्लेयरची केबल काढली, आवाजाची कळ पूर्ण खाली केली, नुसतं यंत्र चालू ठेवलं, तरी सूं येते. मग ती केसरबाईंची कशी असेल? त्यावर तो म्हणाला, "प्लेयर न लावता यंत्र चालू करायचं नसतं मॅडम."

मी गप्प राहिले. तो पुढे म्हणाला, "तुम्ही गोव्यात राहता ना? समुद्राचा आवाज असेल."

म्हार्दोळहून समुद्र दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही. आमच्याकडे देवळाची घंटा ऐकू येते आणि पणजी-फोंडा रस्त्यावरच्या गाड्या. हे मी त्याला शांतपणे सांगितलं. मग तो म्हणाला, "घरात कुणी मुलगा आहे का? त्याच्याकडे फोन द्या, त्याला समजेल." मी म्हटलं, यंत्र माझं आहे, कान माझे आहेत, पैसे मी भरलेत, मलाच सांगा. तेव्हा त्याने फोन ठेवला.

एकतीस वर्षांत माझ्यासमोर बसलेल्या आठ वर्षांच्या मुलालाही, त्याचा सूर चुकला तर, "घरातल्या मोठ्यांना पाठव" असं मी कधी म्हटलेलं नाही.

तर, तुमच्या माणसांना माझ्या कानांवर विश्वास नाही म्हणून मोजमाप करून घेतलंय. फोंड्याला माझे एक परिचित आहेत, उत्सवी नाटकांना साऊंड करतात. त्यांच्याकडे चांगला मल्टिमीटर आहे आणि २५० ओहम रोधाचे, म्हणजे जास्त ताकद मागणारे, मोठे हेडफोनही. रविवारी आम्ही दुपारभर हेच करत बसलो.

आधी डावं-उजवं. १,००० हर्ट्‌झचा एकसारखा सूर लावला, कळ पाव भागावर ठेवली. डावीकडे १२ मिलिव्होल्ट, उजवीकडे ८. हा साडेतीन डेसिबलचा फरक झाला. केसरबाई डावीकडे का सरकल्या ते त्यातच आलं. कळ अर्ध्यावर नेली की दोन्ही बाजू सारख्या होतात. पण माझ्या इयरफोनला एवढा आवाज कधीच लागत नाही. इयरफोनच्या तुमच्याच खोक्यावर लिहिलंय: रोध १६ ओहम, एका मिलिवॅट ताकदीला ११० डेसिबल आवाज. म्हणजे गाण्यातल्या सगळ्यात जोरकस तानेला ९० डेसिबल धरले तरी मिलिवॅटचा शंभरावा भाग पुरतो. एवढं तर आयपॉड झोपेतही देतो. या इयरफोनला ॲम्प्लिफायर कशासाठी हवा होता? इयरफोन तुमचे, ॲम्प्लिफायर तुमचा, आणि दोघांची गाठ घालून देणारा माणूसही तुमचाच.

मग आऊटपुट इम्पिडन्स, म्हणजे यंत्राचा स्वतःचा आतला रोध. तो जितका जास्त, तितका इयरफोनपर्यंत पोचणारा आवाज इयरफोनच्या रोधाप्रमाणे बदलतो. हा आकडा तुम्ही माहितीपत्रकात छापलेलाच नाही. काहीही न जोडता १०० मिलिव्होल्ट येत होते. १६ ओहमचा रेझिस्टर जोडला आणि ते ६२ च्या आसपास उतरले. म्हणजे साधारण १० ओहम. आयपॉडवर हेच केलं तर १०० चे ९४ झाले, म्हणजे १ ओहम. तीन ड्रायव्हरच्या इयरफोनचा रोध प्रत्येक पट्टीत वेगळा असतो. माझ्याचा त्यांनी मोजला तर कुठे ८ ओहम, कुठे ३०. आयपॉडवर त्यामुळे आवाजात पाऊण डेसिबलचा फरक पडतो, तो कानाला जाणवत नाही. तुमच्या यंत्रावर साडेचार डेसिबलचा पडतो. याचा अर्थ, तुमच्या इयरफोनचा आवाज तुमच्याच इंजिनियरांनी मेहनत घेऊन जसा बसवला, तो तुमचंच यंत्र बिघडवतं. तानपुरा पातळ का वाटत होता ते मला रविवारी कळलं. तीन आठवडे मी माझ्या कानांनाच दोष देत होते.

न्यायाने एक गोष्ट लिहायलाच हवी. त्यांच्या २५० ओहमच्या हेडफोनवर तुमचं यंत्र उपयोगी पडलं. आयपॉडचा आवाज त्यांना पुरेसा चढत नव्हता, १ व्होल्टच्या आसपास तो थकत होता. तुमचं यंत्र अडीच व्होल्टपर्यंत स्वच्छ गेलं, आठ डेसिबल जास्त मिळाले. मोठ्या आवाजात पखवाजाची थाप आली ती भरीव आली. पण दोन्हींचा आवाज मल्टिमीटर लावून एक टक्क्याच्या आत सारखा केला आणि नेहमीच्या पातळीवर त्यांनी माझ्या पाठीमागे केबल बदलत दहा वेळा ऐकवलं, तेव्हा ॲम्प्लिफायर कधी लावलाय ते मला पाचच वेळा ओळखता आलं. तो नुसता अंदाज झाला. माझ्या इयरफोनवर मात्र दहाच्या दहा वेळा ओळखलं, कारण सूं ऐकू येत होती. म्हणजे तुमचं यंत्र ताकद कमी पडते तिथे ताकद देतं. कुठल्याही प्लेयरचा आवाज ते सुधारत नाही. हे वाक्य खोक्यावर छापलं असतंत तर मी ते घेतलंच नसतं आणि आपल्या दोघांचा वेळ वाचला असता.

आणि ती केबल. खोक्यात तुम्ही आखूड केबल देता ती हेडफोनच्याच भोकात लावायची. म्हणजे आयपॉडचा स्वतःचा ॲम्प्लिफायर आधी काम करणार, त्याचा दोष तुमचा ॲम्प्लिफायर वाढवणार. आयपॉडच्या खालच्या ३० पिनांच्या कनेक्टरमधून लाइन-आऊट, म्हणजे हेडफोनच्या भोकाला वळसा घालून थेट आवाज, घेता येतो, तिथून त्याचा ॲम्प्लिफायर वगळला जातो. मी प्लेयरचं नाव सांगून विचारलं होतं, तरी कुणी हे बोललं नाही. ती केबल मी त्याच परिचितांकडून उसनी आणून लावून पाहिली. थोडा फरक पडला, पण सूं तशीच राहिली, कारण ती तुमच्या यंत्राचीच आहे. गेनची कळ, म्हणजे यंत्राने आवाज किती पट वाढवायचा ते ठरवणारी, खाली ठेवूनही राहिली.

तुमच्या कंपनीबद्दल मला वाईट वाटतं ते यामुळेच. सहा वर्षांपूर्वीचे ते इयरफोन अजून उत्तम चालतात. माझ्या तीन विद्यार्थ्यांनी माझं ऐकून तेच घेतले. त्यांना आता मी काय सांगू? आणि "घरात कुणी मुलगा आहे का" हे वाक्य मी विसरणार नाही, पैसे परत मिळाले तरी.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे मी राहते तिथल्याच जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. आमचा तालुका आता दक्षिण गोव्यात, म्हणजे मला मडगावला जायचं आहे, तुमच्या शहरात नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही. दिशाभूल करणारी जाहिरात आणि सदोष माल, दोन्ही मुद्दे मी लिहून काढलेत. मल्टिमीटरचे आकडे फोटोसकट आहेत. पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवस थांबेन. दुसरं यंत्र बदलून नको. दुरुस्ती नको. ८,४९० रुपये परत हवेत, आणि तुमच्या तंत्रज्ञाकडून एका ओळीचं लेखी उत्तर: या इयरफोनला या ॲम्प्लिफायरची गरज होती की नव्हती.

यंत्र, केबल, खोकं, पावती सगळं बांधून ठेवलंय. कुरियरचा माणूस सकाळी नऊच्या आत पाठवा, त्यानंतर मुलं शिकायला येतात. फोन केलात तर तो मीच उचलेन.

तुमची ग्राहक,
म्हार्दोळ, फोंडा, गोवा