आईने पाहिलेली उशी

प्रिय आई-बाबा,

प्रभूच्या नावात तुम्हा दोघांना सलाम.

बाबा, तुमच्या वहीचे फोटो मिळाले. मार्कच्या शुभवर्तमानातल्या ४:३५-४१ वर, येशू वादळ शमवतो त्या उताऱ्यावर, सात पानं! मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर इतकं लिहिलं की तुमच्या डोळ्यांतून पाणी येतं, असं आई फोनवर म्हणाली. ऐकून जीव कळवळला. तुम्ही विचारलंत, एका वचनावर एकच ओळ लिहून तुझं समाधान कसं होतं, मला तर सांगायचं राहून गेल्यासारखं वाटतं. त्याचं उत्तर फोनवर देता येईना, म्हणून हे पत्र. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय.

पहिल्याच पानावर तुम्ही लिहिलंय की आपल्याही जीवनात वादळं येतात, तेव्हा प्रभूला हाक मारावी. हे खरं आहे, आणि तुम्ही दोघं तसं जगलात हे मी लहानपणापासून पाहत आलेय. पण बाबा, हा बोध झाला. उतारा न उघडताही तो लिहिता आला असता. निरीक्षण, म्हणजे वचनात जे आहे तेवढंच, लिहिताना मी एकच कसोटी लावते: ओळीतल्या प्रत्येक गोष्टीसाठी वचनावर बोट ठेवता आलं पाहिजे. बोट ठेवता आलं नाही तर ती ओळ खोडत नाही, ती समोरच्या उजव्या पानावर जाते. डावं पान फक्त वचनाचं.

हे मी चुकूनच शिकले. याच उताऱ्यावर मी पूर्वी लिहिलं होतं, 'शिष्य वादळाला घाबरले.' मग बोट ठेवायला गेले आणि थांबले. होडी पाण्याने भरत असताना शिष्य घाबरले, असं मार्क कुठेच म्हणत नाही. ते येशूला जागं करतात, आपण बुडतोय याची तुम्हाला पर्वा नाही का, असं विचारतात. त्यांच्या भयाबद्दल येशू विचारतो तो वारा पडल्यानंतर, चाळिसाव्या वचनात. आणि त्यांना फार मोठं भय वाटलं हे मार्क स्वतः सांगतो ते शेवटच्या, एकेचाळिसाव्या वचनात. म्हणून आता माझ्या वहीत एवढंच आहे: 'व. ४१: वादळ शमल्यावर मोठं भय.' लांब वाक्यात मी माझंच म्हणणं लिहून मोकळी झाले होते. ओळ आखूड करताना मला वचनाकडे परत जावं लागलं.

मूळ ग्रीकमध्ये तर 'मोठं' हे एकच विशेषण तीनदा येतं. वादळ मोठं, शांतता मोठी, भय मोठं. भाषांतरात शब्द बदलले की हे हातून निसटतं, म्हणून एखादा शब्द पुन्हा पुन्हा येतोय असं वाटलं तर दोन भाषांतरं शेजारी ठेवून पाहावीत. वाऱ्याला धमकावून समुद्राला बोलताना 'गप्प राहा' या अर्थाचं जे क्रियापद आहे, तेच मार्कच्याच १:२५ मध्ये अशुद्ध आत्म्यासाठी आहे. मी फक्त 'व. ३९, पाहा १:२५' एवढं लिहिलं. त्याचा अर्थ काय, ते उजव्या पानावर अजून चाललंय.

वचनाचा आकडा मात्र प्रत्येक ओळीपुढे लिहा, म्हणजे पुन्हा शोधताना डोळ्यांना त्रास नको. पण त्या आकड्यांपाशी थांबू नका. ते रोबेर एस्तिएन या मुद्रकाने १५५१ च्या ग्रीक नव्या करारात घातले. मार्कने लिहिताना ते नव्हते. पस्तिसाव्या वचनातली संध्याकाळ 'त्याच दिवसाची' आहे, म्हणजे याच अध्यायाच्या सुरुवातीला येणाऱ्या, बी पेरणाऱ्याच्या दाखल्याचा तो दिवस. आकडा पाहून तिथूनच सुरुवात केली तर हा धागा तुटतो.

आता आईबद्दल. बाबा, तुम्ही मोठ्याने वाचत होतात तेव्हा ती मध्येच म्हणाली, 'उशी होती म्हणे.' आणि थोड्या वेळाने, 'बाकीच्या होड्यांचं काय झालं?' तुम्ही हे मला गंमत म्हणून सांगितलंत. मी मात्र लगेच दुसऱ्या दोन शुभवर्तमानांतले मत्तय ८ आणि लूक ८ हे अध्याय काढून पाहिले. तीच घटना, पण उशी नाही आणि इतर होड्याही नाहीत. दोन्ही गोष्टी फक्त मार्ककडे आहेत. आई, इतक्या वर्षांत माझं तिकडे लक्ष गेलं नव्हतं. तुझी ती वाक्यं जशीच्या तशी निरीक्षणं आहेत, त्यांतला एक शब्दही कमी करण्यासारखा नाही. तेव्हा बाबा, सात पानांच्या आधी तिच्या त्या दोन ओळी लिहा, व. ३६ आणि व. ३८. तिच्या नावाने लिहा.

मत्तय काढलाच आहे तर एवढं पाहून ठेवा: तिथे येशू आधी शिष्यांना बोलतो, मग वाऱ्याला. मार्कमध्ये उलट. का, ते आत्ताच लिहू नका.

पुढच्या रविवारी फोनवर मार्क ५:२१-४३ घेऊ. बाबा, तुम्ही सावकाश दोनदा वाचा आणि रोज पाचच ओळी लिहा, त्याहून जास्त नको. आई, तू ऐकताना आकड्यांकडे लक्ष दे. मी आधी काही सांगणार नाही.

डोळ्यांत थेंब वेळेवर घाला.

तुमची लेक